हातातला पट्टा आणि कमरेचं सोनं

माझं शुद्धलेखन कच्चं आणि अक्षर गिचमीड. चौथीनंतर वही धरली नाही. कुणाच्या हाती हे लागलंच तर सांभाळून घ्यावं.

आमचं गलाईचं दुकान कोइमतूरला. सोनं वितळवून शुद्ध करायचं काम. साथीत दुकान बंद पडलं, तेव्हा ह्यांनी मला आणि आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूला, विमानाने पुण्याला, तिथून गाडीने विट्याला धाडलं. साठलेल्या सोन्याचे दोन तुकडे केले. एक माझ्या कमरेला, एक त्यांच्या. गलाईवाल्यांची रीत अशी, की वाटेत ओळख दाखवायची नाही. एकीचं गेलं तरी दुसरीचं वाचावं.

विमानतळावरच्या पोरीने विचारलं, दोघी एकत्र का? आत्याबाईंनी मान हलवून नाही म्हटलं. मग तिने पाचशे-पाचशे अनामत घेऊन आमच्या मनगटांना रबरी पट्टे बांधले. माणसांनी अंतर राखावं म्हणून हे, दुसरा पट्टा फार जवळ आला की हा बिनतारी ओळखतो आणि लाल होतो, असं ती हिंदीत म्हणाली. मला पटलं नाही. साथीच्या नावाखाली झडतीच असणार.

आमच्या मधली खुर्ची रिकामी ठेवली होती. विमान उडालं आणि आत्याबाईंचा पदर सरकून कमरेची पिशवी दिसायला लागली. झाकायला हात पुढे केला, तर दोन्ही पट्टे थरथरून लाल झाले. हात मागे घेतला, विझले. पुन्हा केला, पुन्हा लाल.

"सोन्याचा वास लागतोय त्याला," आत्याबाई मास्कमधून पुटपुटल्या. "लांब सर."

पुण्यापर्यंत मी अंग चोरून बसले. लघवीलाही उठले नाही.

उतरल्यावर पट्टे काढून घेणाऱ्या माणसाने यंत्रात पाहिलं. "तुमचे दोघींचे पट्टे एकमेकींमुळेच लाल झालेत. एका घरच्या आहात का? तसं सांगितलं असतं तर जोडून दिले असते, लाल झालेच नसते."

"आमी वळकतबी न्हाई," आत्याबाई म्हणाल्या.

तेव्हा कळलं, सोन्याचा काही संबंध नव्हता. अनामत खात्यावर येईल, असं तो म्हणाला. साताऱ्यापर्यंत आत्याबाई गाडीत एकच बोलत होत्या, पैसे गेले.

घरी सोनं तोललं, गुंजभरही कमी नव्हतं. तरी दर सोमवारी त्या मला दोन्ही पासबुकं देऊन बँकेत पाठवायच्या. महिन्याने माझे पाचशे आले, त्यांचे नाहीत. आठवडाभर त्या माझ्याशी धड बोलल्या नाहीत. पुढच्या सोमवारी त्यांच्याही पासबुकावर पाचशे उठले, पुरते.