लग्नाला न्हाई, खेळायला

नव्वदच्या दशकात जुन्नर तालुक्यातल्या आमच्या कॉलेजात मुलींचा बास्केटबॉल म्हणजे निव्वळ थट्टा होती. पंजाबी ड्रेस, वर ओढणी, कमरेला गाठ. क्रीडाशिक्षक सावलीत खुर्ची टाकून बसायचे आणि म्हणायचे, "फार पळू नका गं, पडाल. मुलींचा खेळ आपला बघण्यापुरता." बघायला कुत्रंही यायचं नाही.

मग आंबेगाव तालुक्यातल्या एका कॉलेजचा संघ आला, तेव्हा मात्र आमच्या कॉलेजची पोरं मैदानाभोवती जमली. त्यांची कर्णधार पारगावकडची, ऊसवाल्यांच्या घरातली, माझ्यापेक्षा वीतभर उंच. सामना सुरू व्हायच्या आधी तिनं ओढणी काढली, घडी करून बाकावर ठेवली. पाठोपाठ बाकीच्या चौघींनी. आमचे सर ओरडले, "अगं, ही काय पद्धत?"

ती शांतपणे म्हणाली, "सर, आमी खेळायला आलोय. लग्नाला न्हाई."

आम्ही सपाटून हरलो. मी तर स्वतःच्याच ओढणीत अडकून तोंडावर आपटले. त्या पडण्याची मला लाज वाटत नाही. त्यावर शिट्ट्या मारणाऱ्या आमच्याच कॉलेजच्या मर्दांची वाटते.

पुढच्या वर्षी आम्ही भावांच्या ट्रॅकपँट घालून त्यांच्या मैदानावर गेलो आणि दोन गुणांनी जिंकलो. मग दरवर्षी तेच. एकदा त्या, एकदा आम्ही. नारायणगावहून जीप भरून माणसं यायला लागली. आधी आमचे कपडे बघायला, नंतर गुण मोजायला. बघता बघता दोन्ही तालुक्यांतल्या शाळांनी मुलींचे संघ काढले. ओढणी बांधून खेळणारी एकही उरली नाही.

दोन हजार सालानंतर सर निवृत्त झाले. सत्काराला दोन्ही संघांतल्या जुन्या मुलींना बोलावलं होतं. भाषणात ते म्हणाले, "या भागात मुलींचा खेळ मी उभा केला." बसल्या बसल्या केला असणार. टाळ्या मात्र जोरात पडल्या.

तेवढ्यात एक कार्यकर्ता आमच्या रांगेशी आला. "ताई, तुमी दोघी जरा स्टेजवर या. सरांना ओवाळायचंय."

माझ्या शेजारी पारगावची तीच कर्णधार होती, आता एका शाळेत खेळ शिकवणारी. ती म्हणाली, "भाऊ, मला ओवाळता येत न्हाई. चेंडू असंल तर द्या, फेकून दावते."

आम्ही दोघी उठलो आणि भाषण चालू असतानाच मांडवाबाहेर पडलो. ताट शेवटी कुणाच्या हातात दिलं, ते मी आजवर विचारलेलं नाही.