पंचमीला खनलेला खड्डा

त्या दिवशी परड्यात कोन कोन हुतं ते आधी सांगते. मी हुते. माझी सासू हुती. सासरं हुतं, पयल्या लढाईतनं पेन्शनीत आलेलं. थोरली जाऊ हुती, हातात पुरनाच्या दिंडांची परात घिऊन. आन गोठ्याच्या कुडापाशी पोत्यावर कुत्री हुती. माझं मालक न्हवतं. ते दुसऱ्या लढाईवर गेल्तं, कुठल्या मुलखात ते आमाला ठावं न्हवतं. बाकी समदा गाव वारुळाला गेल्ता, नागपंचमी हुती.

कुत्री माझ्या माहेरची. माझं माहेर आटपाडीकडं, निव्वळ माळ. सासर हिकडं शिराळ्याच्या अंगाला, उसाचं, चिखलाचं. लगीन झालं, माझी गाडी निघाली, तशी ही मागनं आली. भावानं धोंडं मारून हाकलली तरी येतच राहिली. शेवटी त्यानं उचललेला धोंडा खाली टाकला आन म्हनला, "जाऊ दे. परक्या गावात तुझ्याजवळ आपल्यातलं कोनतरी आसू दे." तिला नाव न्हवतं. यू यू केलं की यायची. मालक लढाईवर गेल्यावर माझ्या उंबऱ्याला पाठ लावून निजायची. कोनाची टाप न्हवती आत पाय टाकायची.

मग तिच्या पोटाला, आचळाजवळ, गाठ आली. चिंचोक्याएवढी. जाऊ म्हनली, "पिल्लं हुत्याली गं, दुधाची गाठ आसंल." पिल्लं काय झाली न्हाईत. मी हळद लावली, एरंडाची पानं शेकून बांधली. गाठ वाढत गेली, कवठाएवढी झाली आन फुटली. वास सुटला.

सासरं गूळ घिऊन सांगलीला निघालं हुतं. मी कुत्रीला उचलून गाडीपाशी हुबी राहिले. त्येंनी ढेपा जरा सरकवल्या, तेवढंच. वाटंत एक गाडीवान हसला, "काय आबा, गुळासंगं कुत्रं बी इकायला काढलंय व्हय?" सासरं म्हनलं, "न्हाई रं, तुझ्यासारख्यापासनं गूळ राखायला आनलंय."

सांगलीत गुरांचा डाक्टर हुता. मानूस चांगला. नाक न दाबता बघितलं त्यानं. म्हनला, "बाई, याला कॅन्सर म्हणतात. माणसाला होतो तसा जनावरालाही होतो. कापला तरी परत येईल. तुम्ही हिला इथंच ठेवून जा. मी औषध हुंगवतो, झोपेतच जाईल."

मी इचारलं, "आज जाईल?"

"आजच."

"आज सकाळी तिनं अख्खी भाकरी खाल्लीया."

"पुढं हाल होतील, बाई."

"पुढं हुतील तवा बघू," मी म्हनलं. "ती माझ्या मागनं एवढी वाट चालत आली. तिला मी अनोळखी दारात टाकून जानार न्हाई."

सासऱ्यांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता बोलनार. ते म्हनलं, "डाक्टरसायेब, जखमंला काय लावायचं तेवढं सांगा."

घरी आल्यावर गाव बोलायला लागला. आमच्याकडं रीत हुती. कुत्रं नासलं की एकतर वड्याच्या पल्याड सोडायचं, न्हाईतर भाकरीत ईख घालायचं. शेजारीन म्हनली, "आगं, ईख घालून एक चानकी भाकरी करून टाक, सुटंल बिचारी." मी म्हनलं, "माझ्या हातची भाकरी ती इस्वासानं खाती. त्यात ईख घालू व्हय?" सासू कावली, "मग काय आरती करतीस का तिची? घरात घानीनं बसवंना झालंया."

तवा मी समद्यांम्होरं सांगितलं. जवर ती माझ्या हातची भाकरी खाती तवर तिला कोनी हात लावायचा न्हाई. ज्या दिशी भाकरी सोडंल त्या दिशी मी ठरवीन. गाव न्हाई, डाक्टर न्हाई, मी. सासू म्हनली, "बघा, आमची राणीसरकार." सासरं ओसरीवर पान कुटत बसलं हुतं. म्हनलं, "ठरलं मग."

कडूलिंबाच्या पान्यानं जखम धुवायची, किडं काढायचं, फडकं बदलायचं. ती माझा हात चाटायची. आखाड गेला, सरावन आला.

आन पंचमीलाच तिनं भाकरी सोडली.

पंचमीला आमच्यात चिरायचं न्हाई, तळायचं न्हाई, तवा चुलीवर ठिवायचा न्हाई. समदं उकडायचं, म्हनून दिंडं. आन भुईला कुदळ-फावडं तर लावायचंच न्हाई, खाली नाग आसतो. मी तिच्या तोंडाला आदल्या रातची भाकरी लावली. तोंड फिरवलं. जावंनं परातीतलं गोड दिंड दिलं, त्ये बी नगं. मग ती वराडायला लागली. तसं तिनं कवा केलं न्हवतं. शिराळ्याकडनं वाजंत्री ऐकू येत हुती आन हिकडं तिचं वराडनं.

मी सासऱ्यांना म्हनलं, "मामंजी, उसातली डुकरं मारायची बंदूक काढा."

सासू आडवी आली. "आज? आगं सटवे, उद्या कर. आज मारशील, मग पुरशील कुठं? भुईला फावडं लावशील? माझं लेकरू लढाईवर हाय! नागाला दुखवून त्याच्या जिवावर घालतीस?"

तिचं भ्या खोटं न्हवतं. पर मी म्हनलं, "आवं आत्याबाई, तुमचं लेकरू त्ये माझं कुंकू हाय. मला भ्या न्हाई व्हय? पर तिची कळ उद्यापतूर थांबती का, ते नागाला इचारून सांगा. दुखनाऱ्या जिवाला जो देव उद्या ये म्हनतो, त्यो देव मला नगं."

सासू खालीच बसली, तोंडाला पदर लावून.

सासऱ्यांनी बंदूक आनली. मला म्हनलं, "तू आत जा."

"न्हाई. शेवटाला तिला कोन दिसाय पायजेल, मामंजी?"

मी तिच्या म्होरं बसले. यू यू केलं. तिनं कान हलवला. सासरं बाजूनं आलं. जुना शिपाई, एकाच गोळीत भागवलं त्येंनी.

मग ते फावडं घ्यायला गेलं. मी त्येंच्या हातनं काढून घेतलं. म्हनलं, "पाप आसंल तर माझ्या हातानं हुंदे. कुत्री माझ्या माहेरची, खड्डा बी माझा." पावसानं भुई मऊ हुती. नाग काय निघाला न्हाई. गांडुळं निघाली, ती मी बाजूला ठिवली. जाऊ आली आन तिनं ते न खाल्लेलं दिंड खड्ड्यात ठिवलं.

गावानं लय दिस तोंड फिरवलं. बाया हळदीकुंकवाला बोलवंनात. "पंचमीला भुई फाडनारी" म्हनायच्या. मी म्हनायची, व्हय, मीच ती.

लढाई सरली आन मालक आलं. पाय वढत आलं. सासू रडत म्हनली, "बघ, तुझ्या बायकूनं पंचमीला खनलं, त्येचं ह्ये फळ." त्येंनी समदं ऐकून घेतलं आन हसलं. "आये, मला गोळी उन्हाळ्यात लागली. पंचमी पावसाळ्यात. नाग काय आधीच चावला व्हय गं?"

"गप रं मुडद्या," सासू म्हनली, आन तिला बी हसू आलं.

मग ते लंगडत परड्यात गेलं, कुडापाशी हुबं राहिलं. म्हनलं, "ब्येस केलंस." तेवढंच.

मी शाळंत गेले न्हाई. ह्ये मी सांगतीया आन नात लिवतीया. वाचनाऱ्यानं माझं एवढंच ऐकावं. तुमच्या दारचं मुकं जनावर जायला लागलं, तर त्याला दुसऱ्याच्या हवाली करून निघून जाऊ नका. त्याच्या म्होरं बसा. त्याला तुमी दिसू द्या.