थंड इंजिन

मालवीय नगरात आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे काका मूळचे नागपूरचे, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांच्या जुन्या गाडीचं आयडलिंग काही केल्या बसत नव्हतं. थंड असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की ती बंद पडायची. रविवारी काका बॉनेट उघडून कार्ब्युरेटरचा स्क्रू जरासा फिरवायचे आणि डोळे मिटून ऐकत उभे राहायचे. "मतलब, आज मूड नाही तिचा," असं अगदी शांतपणे म्हणायचे. एकदा गरम झाली की मात्र ती शहाण्यासारखी चालायची.

यंदा त्यांची नजर अधू झाली आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. शहराबाहेरच्या चौमूं गावचा एक तरुण ती विकत घ्यायला येणार होता. त्या सकाळी मी हळूच विचारलं, "काका, आधीच गरम करून ठेवू का?"

"नको," ते म्हणाले.

तरुणाने चावी फिरवली. गाडी थरथरली आणि बंद पडली. त्याचा चेहरा उतरला.

काका खिडकीशी वाकले. "बेटा, ठंडी में ऐसे ही बंद होती है. मुझसे ठीक नहीं हुई. पीछे ट्रक हो, तो तुम्हें पता होना चाहिए."

त्याने पुन्हा चावीला हात घातला. मग म्हणाला, "अंकलजी, सँभालना सिखा दीजिए."

काका दार उघडून त्याच्या शेजारी बसले. त्याला शिकवत शिकवत ते थेट चौमूंपर्यंत गेले आणि संध्याकाळी एकटेच बसने परत आले.