टोपीवाल्यांच्या बाजूने सुंदरा

सुरतेच्या पर्वत पाटिया भागात सुंदराबाईची ओळख साड्यांना लेस लावणारी म्हणून. कामरेजच्या पुढे, तापीच्या मधल्या वाळूच्या बेटावर मात्र ती टोपीवाल्यांची मावशी. टोपीवाले म्हणजे नदीवरचे सुरय पक्षी: काळी टोपी, पिवळी चोच, लाल पाय आणि अंगात कलेक्टरचा रुबाब. उघड्या वाळूत खळगा करून अंडी घालतात, नि जवळ येणाऱ्याच्या डोक्यावर टोच मारतात. पहिल्यांदा नावेतून उतरली तेव्हा सुंदरालाही टोच बसली होती. “एवढासा पक्षी आणि एवढा तोरा,” म्हणत ती जी प्रेमात पडली, ती पडलीच.

तेव्हापासून उन्हाळ्यातली प्रत्येक सुट्टी बेटावर. उथळ पाण्यातून कुत्री येऊ नयेत म्हणून ती बाभळीच्या फांद्या आडव्या टाकायची. घरट्यांभोवती काठ्या रोवून उरलेल्या लेसच्या पट्ट्या बांधायची, म्हणजे नावाड्यांना दिसावं, इथे पाय ठेवायचा नाही.

आणि तिथेच घोटाळा झाला.

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस. भिकन नावाड्याने सुंदराला सकाळीच बेटावर सोडलं होतं. वाळूत पिल्लं नुकती अंड्यांतून निघालेली, वाळूच्याच रंगाची. बघून चालणाऱ्याचाही पाय पडावा अशी. दुपारी काठावर ढोल वाजला. भेस्तानच्या खानदेशी बायका गौराई पाण्यात सोडायला आल्या होत्या, सगळ्यांच्या पुढे सुंदराच्या ओळखीची, मांड्यांसाठी नावाजलेली मंगलाबाई. तिला समोरच्या बेटावर उन्हात चमचमणाऱ्या लेस दिसल्या.

“अगं बाई, कोणीतरी आपल्यासाठी सजवून ठेवलंय,” मंगलाबाई हरखली. “भिकन, नाव काढ. झोका तिथेच बांधू, फुगड्या तिथेच घालू.”

“मावशी, तिथे पक्षी आहेत.”

“मग त्यांनाही आमरस वाढू. चल.”

बायका नावेत चढू लागल्या. इकडे सुंदराने ते पाहिलं. ती हात हलवून ओरडली, “येऊ नका.” बायकांनीही हात हलवले. त्यांना वाटलं, सुंदरा बोलावतेय.

विनवण्या ढोलात बुडत होत्या. पण आखाजीला ढोलाच्याही वर ऐकू जाते अशी एकच गोष्ट असते, ती म्हणजे समोरच्या काठावरची शिवी. दोन काठांवर दोन पार्ट्या, गाण्यातून एकमेकींचा उद्धार. आणि भांडण संपायच्या आत जी पार्टी पाणी ओलांडेल ती हरली. सुंदराने पदर खोचला, वाळूच्या टोकाशी गेली आणि आईकडून आलेला तो खणखणीत आवाज लावला:

“मंगला व, तुना मांडा देखीसन जवाई पळी गया.”

ढोल थांबला. मंगलाबाईचा एक पाय नावेत, एक काठावर. तिच्या हातच्या पुरणाच्या मांड्यांना आजवर कोणी नाव ठेवलं नव्हतं.

“उतरा गं,” ती बायकांना म्हणाली. “कोणी पाणी ओलांडायचं नाही. हिला इथूनच बघते.” आणि गळा साफ करून, “सुंदरा व, तुना नवरा घोरस तवय आख्खा भेस्तानना लूम बंद पडतस.”

काठ हसून लोळला. सुंदराही हसली, पण थांबली नाही. थांबली तर नाव निघाली. इकडे एकटी, तिकडे चाळीसेक गळे. सासवा झाल्या, विहिणी झाल्या, मंगलाबाईच्या दिराच्या मिशा झाल्या. सुचेना तेव्हा तिने मंगलाबाईच्या चपलेचाही उद्धार केला. वर सुरय किर्र ओरडत गिरक्या घेत होते.

“हे बघा,” मंगलाबाईने काठावरून पुकारलं, “हिची पार्टी वरून बोलतेय.”

“मनाच माहेरना लोक शेतस,” सुंदरा ओरडली. “लेकरं झाली आहेत त्यांना. वाळूत, तुझ्या पायाखाली आली असती.”

मंगलाबाई गौराई उचलून काठाच्याच पाण्याकडे वळली. “बाळंतिणीच्या घरी गर्दी करत नसतात,” ती बायकांना म्हणाली. “झोका या बाभळीला बांधा.”

संध्याकाळी भिकन सुंदराला घेऊन परतला तेव्हा तिचा आवाज पार बसला होता. मंगलाबाईने आमरसाची वाटी पुढे केली, वर एक मांडा.

“खा. आणि सांग जावई का पळाला ते.”

सुंदराने खाल्ला. मांडा खरंच उत्तम होता. बोलता येत नव्हतं म्हणून तिने नुसते कान धरले.

“असू दे. शिव्या मात्र अगदीच मिळमिळीत होत्या तुझ्या,” मंगलाबाई म्हणाली. “पुढच्या आखाजीला बेटाच्या बाजूने मी. तुझ्या त्या टोपीवाल्यांना सांगून ठेव, डोक्यावर मारायचं नाही.”

सुंदराने नकाराची मान हलवली. ते काही तिच्या हातात नव्हतं.