वसंता, आवाज कमी कर

नानाकाका गेले आणि मला रडू आलं नाही.

दहा दिवस सगळ्यांच्या स्टेटसला त्यांचा फेट्यातला फोटो बघतेय. 'देवमाणूस.' 'गावाचा आधार.' 'लेजेंड.'

तुमच्यासाठी असतील. माझ्या बाबांना, स्वतःच्या धाकट्या भावाला, या देवमाणसानं गावात मान वर करू दिली नाही.

आज दहावा झाला. आता लिहिते. ज्यांना झोंबेल त्यांनी खुशाल अनफ्रेंड करा.

बाबा मोहोपाड्याच्या एका कंपनीत आयुष्यभर फिटर होते. कुंभिवलीच्या आसपास कुणाचा पंप अडला, कुणाचा ट्रॅक्टर बसला, की पहिली हाक बाबांना.

रिटायर झाल्यावर त्यांनी एकच हौस केली. शेडमधली गोल दिव्यांची जुनी गाडी. माझ्यापेक्षा वयानं मोठी. खोपोलीचा घाट लागला की तिला धाप लागायची.

"हिचा श्वासच उथळ हाय," बाबा म्हणायचे.

म्हणून त्यांनी इंजिन उघडलं आणि कॅमशाफ्ट बदलायला घेतला. हा इंजिनातला एक दांडा. त्याच्यावर अंड्यासारखे उंचवटे असतात. दांडा फिरला की ते व्हॉल्व्ह उचलतात आणि इंजिन श्वास घेतं. बाबांनी व्हॉल्व्ह जास्त उचलणारा कॅम शोधून आणला. सोबत कडक स्प्रिंगा, नवे टॅपेट. अख्खा पावसाळा ते शेडमध्ये.

आई वैतागून विचारायची, "अंथरूण पन तिकडंच टाकू का तुमचं?"

पण नव्या कॅमची एक अट असते.

पहिल्यांदा सुरू केला की वीसेक मिनिटं इंजिन चढ्या आवाजातच ठेवायचं. मंद सोडलं तर ऑइल नीट वर उडत नाही आणि कोरा कॅम कोरडा घासून संपतो.

म्हणून बाबा दसऱ्याच्या आदल्या दिवशीच गाडी गुपचूप सुरू करणार होते. नानाकाकांना कळलं.

"उद्या दसरा आनि तू आज चालू करतो? पूजा नको? चार मानसं नको?"

झालं. झेंडूचे हार, भटजी, अर्धं गाव अंगणात. नारळ फुटला, बाबांनी चावी फिरवली, गाडी पहिल्या झटक्यात सुरू! काय आवाज होता तो. बाबांचा चेहरा मी तसा पुन्हा कधी पाहिला नाही.

तेवढ्यात आरती सुरू झाली.

"वसंता, आवाज कमी कर!"

"नाना, कमी नाय करता येत. कॅम जाईल."

"देवापरीस तुजा कॅम मोठा हाय काय रं?"

सगळं गाव बघत होतं. थोरल्या भावाचा शब्द. बाबांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला.

एका आरतीवर थांबले असते तर कदाचित निभावलंही असतं. पण त्या दिवशी नानाकाकांचा आवाज लागला होता. गणपतीची झाली, देवीची झाली, शंकराची झाली. पूजेत बंद करणं अपशकुनाचं, म्हणून गाडी आपली मंद गुरगुरत उभी.

प्रसाद वाटेपर्यंत इंजिनातून टकटक ऐकू यायला लागली.

बाबांनी उघडून पाहिलं तर उंचवटे चपटे झालेले. ऑइलमध्ये लोखंडाचा चुरा.

आणि नानाकाका? लग्नात, पारावर, जिथे चार माणसं भेटतील तिथे एकच किस्सा.

"कंपनीतला फिटर म्हनं! घरची गाडी बसवता आली नाय!"

लोक हसायचे. मग पंप अडला की खोपोलीहून माणूस यायला लागला. बाबांनी शेडला कुलूप घातलं.

मी भांडायला निघाले की म्हणायचे, "ऱ्हाऊ दे गं. थोरला हाय."

हे 'थोरला हाय' आजही माझ्या डोक्यात जातं.

आज सकाळी पाताळगंगेवर पिंड ठेवला. कावळे झाडावर, एकही खाली उतरेना. मग नेहमीचं सुरू झालं. त्यांचा मुलगा म्हणाला, "नाना, जमीन नाय विकनार." कुणी म्हणालं, नातीचं लगीन थाटात करू. कुणी देवळाचं राहिलेलं काम कबूल केलं.

कावळा ढिम्म.

शेवटी बाबा पुढे झाले. हात जोडले.

"नाना, कॅम मी बरोबर बसवला व्हता. आवाज तू कमी करायला लावलास. एवडं कबूल कर आनि सुखानं जा."

चुलतभाऊ डोळे वटारून बघायला लागला.

आणि मागून काकू बोलल्या. नानाकाकांची बायको.

"भावोजी, त्यांना ठावं व्हतं. खोपोलीच्या मेस्त्रीला इचारून आलेले. तो म्हनला, चूक तुमचीच. मला म्हनले, आता गावात कसं सांगू? माजी मान खाली जाईल."

ठाऊक होतं!

मी इतकी वर्षं समजत होते की या माणसाला इंजिनातलं काही कळत नाही. न कळणाऱ्याला मी माफ केलं असतं हो. यांनी स्वतःची मान वर ठेवायला भावाची खाली दाबली, सगळं माहीत असून.

तुम्हाला वाटेल, मग कावळा आला.

नाही आला. मेल्यावरही हेका सोडला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.

घरी आल्यावर बाबांनी शेड उघडली. कुलूप इतकं गंजलेलं की तेल सोडावं लागलं. गाडीवरची ताडपत्री काढली, बॉनेटवर हात ठेवला आणि रडले. गाडीसाठी नाही. भावासाठी. मला ते अजिबात आवडलं नाही.

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

"भावोजी, सुरू कराल तवा मला बोलवा. आवाज कमी कर म्हनायला कोन येतो, मी बगते."

नानाकाका, नवा कॅम येईल. बाबाच बसवतील. तुमच्याच अंगणासमोर गाडी भर आवाजात चालेल, आणि बाबा पाय उचलणार नाहीत.

श्रद्धांजली भावपूर्णच आहे. फक्त भाव रागाचा आहे.

जा आता.