गोमाईकाठचे गुडघे

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी आम्ही शहाद्याला आलो. हे तिथल्या दवाखान्यात डॉक्टर होते. हाडांचं त्यांना भारी वेड.

त्या पावसाळ्यात गोमाई नदीने जुन्या कब्रस्तानाचा काठ कापून नेला आणि हाडं उघडी पडली. पिंजारी मोहल्ल्यात कापूस पिंजणाऱ्या एका वयस्कर चाचांनी ती वरच्या जमिनीत पुरायचं ठरवलं. हे त्यांच्याकडे गेले. "पुरण्याआधी मला सांधे पाहू द्याल? या माणसांना काय दुखत होतं ते कळेल."

चाचा म्हणाले, "देखी ल्या. पन एकनं हाड दुसरामां जावाले नको."

माझा हात चित्रात बरा, म्हणून यांनी मला सोबत नेलं. प्रत्येकासाठी वेगळं पांढरं फडकं अंथरलं होतं. तिसऱ्या फडक्यावर एक म्हातारी होती. कमरेच्या हाडावरून यांनी ओळखलं. तिच्या गुडघ्यात हाडाचं टोक काचेसारखं चकाकत होतं.

"मधली कूर्चा, म्हणजे मऊ गादी, झिजली की हाडावर हाड घासतं," हे हळू आवाजात म्हणाले. "तरी ही चालत राहिली बघ. चालल्याशिवाय अशी चकाकी येत नाही."

चाची आमच्यासाठी चहा घेऊन आल्या होत्या. त्या भिंतीला धरून खाली टेकल्या आणि त्या हाडाकडे बघत राहिल्या.

"डॉक्टर, इले दुखत व्हई का?"

"खूप दुखत असणार."

"मन्हा गुडघा बी दुखस. कैक वरीस व्हयनात."

चाचा चमकले. "माले काबर नई सांगं?"

"तुम्हना पिंजननी टणटणमां तुमले ऐकू येस का?"

चाचा ओशाळून हसले. यांनी वही मिटली आणि चाचींना विचारायला सुरुवात केली: सकाळी जास्त की संध्याकाळी, बसताना की उठताना. इतक्या मायेने चौकशी करताना मी यांना पहिल्यांदाच बघत होते.

दिवस मावळायच्या आत सगळ्यांना पुरलं. म्हातारीचं फडकं मीच चाचांच्या हातात दिलं.

यांनी माझी चित्रं जोडून एक लेख लिहिला आणि डॉक्टरांच्या एका मासिकाला पाठवला. तो परत आला. दोन दिवस यांनी वहीला हात लावला नाही. मला फार वाईट वाटलं. माझीच चित्रं कमी पडली, असंही मनात येऊन गेलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या ओट्यावर मोहल्ल्यातल्या चार बायका बसल्या होत्या. पुढे चाची. चौघींचीही तक्रार गुडघ्यांची. हे चहा अर्धा टाकूनच उठले.