चकाचकची बायको

तिच्या नवऱ्याला सगळा बाजार ‘चकाचक’ म्हणूनच ओळखायचा. ऑफिसचं कितीही बरबटलेलं बाथरूम असो, हा दार लावून आत शिरायचा आणि बाहेर यायचा तेव्हा फरशीत तोंड दिसायचं. डोळे लाल, आवाज बसलेला, पण मालकाकडे बघून म्हणायचा, “बघा साहेब, चकाचक!” एका बादलीवर सुरू केलेला धंदा त्यानं असाच वाढवला. दोन बँका, एक दवाखाना, ऑफिसांची एक मोठी इमारत आणि सगळ्यात पहिलं मिळालेलं, म्हणून सगळ्यात लाडकं, थिएटर. त्याच्या कामात गुपित असं काही नव्हतं. ॲसिड. झाकण उघडताच नाकात झणका मारणारं. त्यात पाणी घालायचं म्हटलं तर त्याला ती भेसळ वाटायची.

लग्न होऊन आल्यापासून तिनं त्या वासाशी संसार केला होता. त्याच्या शर्टांना पडलेली भोकं ती मुकाट्यानं शिवायची. खोकला सुरू झाला तेव्हा “हवा बदलली” म्हणून दोघांनी सोडून दिलं. हवा पुन्हा बदलली, खोकला काही गेला नाही. जिना चढताना तो मध्येच थांबून कठड्याला धरायला लागला, तेव्हा ती त्याला ओढतच डॉक्टरकडे घेऊन गेली.

डॉक्टरांनी छातीचा फोटो बराच वेळ उजेडात धरला. “काम काय करता?” त्यांनी विचारलं. त्यानं सांगितलं. त्यांनी फोटो खाली ठेवला आणि सांगितलं, की त्या वाफांनी फुप्फुसं आतून करपली आहेत, गेलेलं परत येणार नाही आणि आता ॲसिडच्या आसपासही फिरकायचं नाही.

घरी आल्यावर चप्पल काढता काढता तो म्हणाला, “विडी नाही, दारू नाही. काम केलं, तेवढंच. कामानं कुणी आजारी पडतं का?”

दुसऱ्या दिवशी किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचून ती ऑफिसांच्या इमारतीत गेली.

तिथं मावशी होत्या. धंद्यातल्या सगळ्यात जुन्या कामगार. तोंडाला फडकं बांधून त्या भिंतीच्या टाइल्स घासत होत्या आणि खोकत होत्या. ती दारातच थबकली. हा खोकला तिच्या ओळखीचा होता. कोरडा, आत कुठंतरी अडकलेला, संपला म्हणता म्हणता पुन्हा सुरू होणारा. तिनं आत जाऊन मावशींच्या हातातला ब्रश काढून घेतला.

“चुकलं का काही, वहिनी?”

“नाही हो मावशी. आधी बाहेर या तुम्ही.”

त्या दिवसापासून ॲसिड बंद झालं. बंद करणं सोपं होतं, त्याच्या जागी काय आणायचं हे मात्र तिला ठाऊक नव्हतं. सफाईच्या मालाच्या दुकानदाराला विचारून ती साधा साबण, धुण्याचा सोडा, सरबतात घालतात ती सायट्रिक ॲसिडची पावडर आणि पाणी धरून ठेवणारी मऊ फडकी घेऊन आली. आधी घरचंच बाथरूम घासून पाहिलं. पलंगावरून नवरा बघत होता.

“फरशी धुतेस की सरबत करतेस?”

तिला हसू आलं, पण पुढं तीच तोंडघशी पडली. निसर्गातलं आहे म्हणजे कशालाच अपाय करणार नाही, असं धरून चालली आणि एका बँकेच्या दर्शनी संगमरवरावर तिनं व्हिनेगर फिरवलं. दगडाची चमक गेली ती गेलीच. पॉलिशवाला बोलवावा लागला, हात जोडावे लागले. मग कुठं कळलं, की संगमरवराला आंबट चालत नाही, साबणही मापातच घालायचा आणि पिवळा डाग लगेच निघत नाही. त्याला भिजू द्यायचं, वाट बघायची.

वाट बघायला थिएटरचा मॅनेजर तयार नव्हता. “वास कुठाय?” त्यानं विचारलं. “लोकांना वाटतं, साफच केलेलं नाही.”

“साहेब, हात फिरवून बघा ना.”

“मी आता बाथरूममध्ये हात फिरवत बसू? तुमचे मालक होते तेव्हा गल्लीच्या तोंडाशी कळायचं, की सफाई झाली म्हणून.”

थिएटर हातचं गेलं. तिनं घरी सांगितलं तेव्हा त्यानं भिंतीकडे तोंड केलं. संध्याकाळी जेवणाचं ताट तसंच राहिलं.

“अहो, दोन घास तरी खा.”

“गावभर सांगत फिरतेस तू,” तो भिंतीशीच बोलावं तसं बोलला, “की मी माझ्या हातानं माझं वाटोळं करून घेतलं.”

“मी कुणाला काही सांगत नाही. मावशी खोकतात. तुमच्यासारख्याच.”

पुढं बरेच दिवस घरात कामापुरतंच बोलणं उरलं. ताट वाढलंय, औषध घेतलं का, एवढंच. मग एका दुपारी तो स्वतःच शर्ट घालून दारात उभा राहिला. “चल. बघू तरी काय दिवे लावलेत.”

इमारतीत लिफ्टनं वर गेले. बाथरूमचं दार सताड उघडं होतं, खिडकीही. मावशींनी संडासाच्या भांड्यावर पावडरचं पाणी मारलं आणि त्या बाजूला उभ्या राहिल्या.

“थांबलात कशाला?”

“भिजू द्यावं लागतं, दादा.”

त्याला स्टूल आणून दिलं. तो आतच बसला, नाक वर करून, जणू हवेत कुठंतरी चूक सापडेल. थोड्या वेळानं मावशींनी घासायला घेतलं. काम झालं तसा तो उठला, गुडघ्यावर हात टेकून वाकला आणि भांड्याच्या मागं बोट दाखवलं. “इथं राहिलंय.”

खरंच राहिलं होतं. मावशींनी जीभ चावली. त्यानं ब्रश मागितला आणि चार हात मारले, पण दम लागला म्हणून पुन्हा स्टुलावर बसला. ब्रश मात्र त्यानं लवकर सोडला नाही.

परतताना गाडीत तो खिडकीबाहेर बघत होता. अर्ध्या वाटेवर म्हणाला, “मावशींचा खोकला कमी झालाय.”

“हो.”

तेवढंच. तू बरोबर होतीस, असं तो कधीच म्हणाला नाही आणि तिनंही ते त्याच्या तोंडून वदवून घेतलं नाही. पण तेव्हापासून बरं वाटेल त्या दिवशी तो तिच्याबरोबर यायचा आणि सगळ्यांच्या चुका काढायचा. कोपऱ्यात धूळ, नळाच्या बुडाशी क्षार, दाराच्या मागच्या बाजूला बोटांचे ठसे. कामावरच्या बायका पुटपुटायच्या, “आले तपासनीस!” आणि तो बसायच्या आधी स्टूल पुसून ठेवायच्या.

थिएटर परत आलं नाही. संगमरवराची बँकही गेली. बाकीची कामं टिकली, एक नवा दातांचा दवाखाना मिळाला. त्याची छाती मात्र सुधारायची नव्हती. थंडी सुरू झाली तसं त्याचं येणं बंद झालं, मग उठणं. शेवटी शेवटी बोलायलाही श्वास पुरत नसे. ती त्याच्या पाठीवर हात फिरवत बसायची. एका सकाळी तिचा हात फिरत होता आणि त्याच्या पाठीनं हलायचं थांबवलं होतं, हे तिला जरा उशिरानं कळलं.

दिवसकार्य झाल्यावर ती कामावर गेली. मावशींनी तिला पायरीवर बसवलं, चहा दिला आणि स्वतः शेजारी बसल्या. चहा निवत गेला. मग मावशी बादली घेऊन उठल्या आणि त्या दिवशी एक बाई रजेवर होती, म्हणून तिनंही पदर खोचला आणि फडकं पाण्यात बुडवलं.